न भरणारा व्रण : कातडीच्या कर्करोगाविषयीं माहिती

(लेखक : एक सेवानिवृत्त महसूल कारकून, वरळी कोळीवाडा, मुंबई)

पिकावर रोग दिसूं लागला कीं शेतकरी पान उलटून पाहतो. बैल लंगडूं लागला तर त्याचा खूर तपासतो. परंतु स्वतःच्या अंगावरील एखादी जखम महिनोन्महिने वाहत असली तरी तिच्याकडे पाहण्यास त्यास सवड होत नाहीं. आज ना उद्यां भरेल, असें म्हणून तो तीवर हळद दाबतो, चुना लावतो, नाहीं तर कोणी सांगितलेला पाला बांधतो, आणि कामास लागतो. बहुतेक जखमा अशाही बऱ्या होतात, म्हणूनच ही संवय टिकून राहिली आहे. परंतु ज्या थोड्या जखमा बऱ्या होत नाहींत, त्यांपैकीं कांहींच्या पोटीं कर्करोग असतो. त्या कशा ओळखाव्या, त्या कशामुळें होतात आणि त्यांवर उपाय कोणता, हें सांगण्याचा ह्या लेखाचा हेतु आहे. लेखक वैद्य नव्हे. आयुष्य महसुली दप्तरांत गेलें. म्हणून येथें औषध सांगितलेलें नाहीं. कोठें व केव्हां जावें एवढेंच सांगितलें आहे.

कर्करोग म्हटला कीं आपणांस तंबाखूनें होणारा तोंडाचा रोग आठवतो. कातडीचा कर्करोग हा गोऱ्या लोकांचा रोग, त्याचा आपणांशीं संबंध नाहीं, अशी समजूत आढळते. ही समजूत अर्धी खरी आहे. ऑस्ट्रेलियांत जाऊन वसलेल्या गोऱ्या लोकांत हा रोग जितका आहे त्या मानानें आपल्याकडे तो फारच थोडा. परंतु थोडा म्हणजे मुळींच नव्हे. आणि आपल्याकडे तो वेगळ्या वाटेनें येतो, म्हणून लवकर ओळखूं येत नाहीं.

रोगाचें स्वरूप

आपली कातडी थरांची बनलेली आहे. वरच्या पातळ थराच्या तळाशीं ज्या पेशी असतात त्या नित्य नव्या पेशी उत्पन्न करितात. वाफ्यांतील रोपाप्रमाणें त्या खालून वर सरकतात, वर येतां येतां चपट्या होतात आणि शेवटीं कोंड्याच्या रूपानें गळून पडतात. जुनें जितकें गळतें तितकेंच नवें येतें, हा शरीराचा हिशेब आहे. जखम झाली तर ती भरेपर्यंत पेशींची वाढ जलद होते व भरली कीं थांबते. कांहीं कारणानें एखाद्या पेशींतील वाढीचें नियमन बिघडलें, तर ती थांबावयाची विसरते. तिची संतति वाढतच जाते, शेजारच्या निरोगी भागांत शिरते, आणि पुढें रक्तावाटे वा रसवाहिन्यांवाटे दूर जाऊन तेथें नवें ठाणें मांडते. हाच कर्करोग. बांधावरची हरळी पिकांत कशी शिरते हें ज्यानें पाहिलें आहे त्यास अधिक सांगणें नको. वरचें पातें कापलें म्हणजे हरळी गेली असें होत नाहीं. मुळी राहिली कीं ती पुन्हां फुटते. रोगाचें नांव कर्क म्हणजे खेकड्यावरून पडलें आहे, आणि तेंही ह्याच कारणानें, कीं तो चहूं बाजूंस नांग्या रोवून बसतो.

हा रोग स्पर्शानें होत नाहीं. रोग्याचें ताट वेगळें करण्याचें, त्यास गोठ्यांत झोंपविण्याचें कांहीं एक कारण नाहीं.

तीन मुख्य प्रकार

पहिला प्रकार तळच्या पेशींचा. ह्याला डॉक्टर बेसल सेल कार्सिनोमा म्हणतात. डब्लिनचे आर्थर जेकब ह्यांनीं १८२७ सालीं ह्याचें वर्णन केलें. उंदरानें कुरतडल्यासारखा हा व्रण दिसतो म्हणून इंग्रजींत ह्याला उंदराचेंच नांव पडलें. हा बहुधा चेहऱ्यावर, नाकाच्या बाजूस, पापणीजवळ वा कानशिलावर होतो. आरंभीं मोत्यासारखी चकाकणारी बारीक गांठ येते. आपल्या रंगाच्या लोकांत ती पुष्कळदां काळसर असते व तीळ किंवा चामखीळ समजली जाते. पुढें मधला भाग खचतो, खपली धरते, खपली पडते, थोडें रक्त येतें, पुन्हां खपली धरते. हा फार सावकाश वाढतो आणि दूर पसरणें अत्यंत क्वचित्. परंतु तसाच ठेवला तर नाक, डोळा, खालचें हाड कांहीं सोडीत नाहीं.

दुसरा प्रकार वरच्या चपट्या पेशींचा, म्हणजे स्क्वेमस सेल कार्सिनोमा. शेतकऱ्यानें विशेष लक्षांत ठेवावयाचा तो हाच. कठीण, खरखरीत गांठ किंवा कडा उचललेला व्रण, तळ ओबडधोबड, हात लागतांच रक्त, पुढें पुढें दुर्गंधी, अशीं ह्याचीं लक्षणें होत. हा पहिल्याहून जलद वाढतो व जवळच्या रसग्रंथींत उतरतो. पायावर वा कंबरेवर व्रण असला तर जांघेंत अवधाण येतें. हातावर असला तर बगलेंत गांठ येते. साध्या पिकलेल्या जखमेनेंही अवधाण येतें हें खरें. परंतु तें जखमेबरोबर ओसरतें. ओसरलें नाहीं तर तो गंभीर इशारा समजावा.

तिसरा प्रकार मेलॅनोमा. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा हा रोग. तिहींत हा विरळा, पण सर्वांत घातक. गोऱ्या लोकांत तो पाठीवर, पायावर कोठेंही होतो. सांवळ्या व काळ्या लोकांत त्याचें आवडतें ठिकाण म्हणजे तळपाय, तळहात आणि नखाखालची जागा. अनवाणी चालणाऱ्याच्या तळपायावर काळा डाग उठला तर तो भोवरी समजून ब्लेडनें तासतो; अंगठ्याच्या नखाखालीं काळी रेघ आली तर ठेंच लागली असेल किंवा नखुरडें असेल म्हणतो. ठेंचेचें काळें रक्त नखाबरोबर पुढें सरकत जातें व कांहीं महिन्यांत निघून जातें. जी रेघ सरकत नाहीं, उलट रुंद होते, नखाच्या मुळाशीं कातडीवरही उतरते, ती ठेंचेची नव्हे.

ऊन

कातडीच्या कर्करोगाचें जगांतील मुख्य कारण सूर्याचे अतिनील किरण हें होय. हें ज्ञान शेतकरी व खलाशी ह्यांच्याच कातडीवरून मिळालें. हांबुर्गचे डॉक्टर उना ह्यांनीं १८९४ सालीं दर्यावर्दी लोकांच्या चेहऱ्याची व हातांची कातडी कशी जाड, डागाळ होऊन तीवर कर्करोग उठतो ह्याचें वर्णन केलें. फ्रान्सांत बोर्दो येथील डॉक्टर द्युब्रय ह्यांनीं द्राक्षमळ्यांत राबणाऱ्या लोकांत तेंच पाहिलें. पुढें १९२८ सालीं फिंडले ह्यांनीं उंदरांवर अतिनील किरण पाडून कर्करोग उत्पन्न होतो हें प्रयोगानें दाखविलें.

आमचा वरळी कोळीवाडा तिन्ही बाजूंनीं समुद्राचा. होडीवर माणसास वरून एक ऊन लागतें आणि पाण्यावरून परतलेलें दुसरें. शेतांतही भातखाचरांतलें पाणी हेंच करितें. तरीही पिढ्यान्पिढ्या उन्हांत राबणाऱ्या कोळ्यास किंवा कुणब्यास हा रोग क्वचितच होतो, ह्याचें कारण त्याच्या कातडींतील काळा रंग. काळा रंग म्हणजे निसर्गानें दिलेली छत्री होय. ज्याची ती पुरेशी आहे त्यानें तिची लाज बाळगूं नये.

परंतु कांहीं माणसांस ही छत्री मिळालेली नसते. ज्यांचे केस व कातडी जन्मतःच पांढरीं, डोळे उजेडांत मिटतात, अशीं मुलें क्वचित् जन्मतात. हें कोड नव्हे. कोड मागाहून येतें व त्यामुळें कर्करोगाची भीति बाळगण्याचें कारण नाहीं. पण जन्मतः रंगहीन मुलास भर उन्हांत गुरांमागें धाडणें म्हणजे त्याचें आयुष्य तोडणें आहे. त्यास सांवलींतलें काम, पूर्ण बाह्यांचा सदरा, रुंद कांठाची टोपी व शाळा द्यावी. दुसरा एक आनुवंशिक रोग, झेरोडर्मा पिगमेंटोसम. त्यांत दोन-तीन वर्षांच्या मुलाच्या चेहऱ्यावर उन्हानें तिळासारखे असंख्य डाग उठतात व लहानपणींच कर्करोग होतो. आईबापांकडून दोहोंकडून दोष आला म्हणजे हा रोग प्रकटतो. म्हणून जवळच्या नात्यांत, मामाच्या किंवा आत्याच्या घरीं, सोयरीक करणाऱ्या कुळांत त्याचा संभव अधिक. अशा मुलास उन्हांत न नेणें हाच मुख्य उपाय.

धोतराची गांठ आणि लुगड्याचा आवळ

आतां आपल्या वेगळ्या वाटेकडे वळूं. आमच्या कोळीवाड्यापासून दोन कोसांच्या आंत परळ आहे. तेथें सर दोराबजी टाटा ह्यांच्या विश्वस्त निधींतून उभारलेलें टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजीं मुंबईचे तेव्हांचे गव्हर्नर सर रॉजर लम्ले ह्यांच्या हस्तें उघडलें. दोराबजींच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ सालीं रक्ताच्या कर्करोगानें वारल्या होत्या, त्यांच्या स्मरणार्थ ही संस्था. येथील प्रयोगशाळेचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांच्यापुढें गांवोगांवच्या रोग्यांच्या गांठींचे तुकडे येऊं लागले. त्यांनीं व त्यांच्या सहकारी सूर्याबाई ह्यांनीं १९४५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत लोकांच्या चालीरीतींतून होणारे तीन कर्करोग वर्णिले होते : विशाखापट्टणकडे चुट्ट्याचें जळतें टोंक तोंडांत धरून ओढणाऱ्यांचा टाळूचा, बिहारकडे खैनीची चिमूट ओठांत धरणाऱ्यांचा ओठाचा, आणि धोतर नेसणाऱ्यांचा कंबरेचा. ह्या तिसऱ्यास वैद्यकग्रंथांत धोतराचा कर्करोग असेंच नांव पडलें.

त्याचा क्रम असा. धोतर, लुंगी, करदोटा किंवा परकराची नाडी वर्षानुवर्षें एकाच रेषेवर आवळली जाते. घाम, धूळ, मीठ त्या रेषेंत साठतें. कातडी घासून प्रथम काळी पडते, किंवा रंग उडून पांढरी पडते; तींत खाज सुटते, कोंडा धरतो. मग बारीक चीर पडते. चिरेवर पुन्हां दुसऱ्या दिवशीं तोच आवळ. जखम भरूं पाहते व रोज उघडते. भरणें आणि उघडणें ह्यांच्या ह्या लांबलेल्या झगड्यांत, दहा-वीस वर्षांनीं, एखाद्या माणसांत पेशींचा ताबा सुटतो. गांठ स्वतः विष नव्हे. परंतु न भरणाऱ्या जखमेस जन्म देणारी ती आहे.

स्त्रियांतही हेंच आढळलें. २०२४ सालीं वर्ध्याच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या व बिहारांतील मधुबनी येथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनीं अशा दोन स्त्रियांची हकीकत इंग्लंडांतील एका वैद्यकीय नियतकालिकांत छापिली. एक सत्तर वर्षांची. साडीखालीं परकराची नाडी घट्ट बांधणारी. उजव्या कुशीवर अठरा महिने न भरलेला व्रण. दुसरी साठी उलटून सत्तरीकडे झुकलेली. परकराशिवाय लुगडें कंबरेस कसून नेसणारी. तिचा व्रण दोन वर्षांचा. दोघींच्याही व्रणाचा तुकडा तपासतां तो वर सांगितलेला दुसरा प्रकार निघाला, आणि दुसरीचा रोग जांघेंतील ग्रंथींपर्यंत पोहोंचला होता. वाचकांनीं ह्यांतील महिने मोजावे. अठरा महिने आणि दोन वर्षें! एवढ्या अवधींत दोन खरीप निघतात.

आमच्या कोळीवाड्यांतील वृद्ध कोळणी काष्ट्याचें लुगडें कंबरेस आवळून नेसतात, कारण पाटी डोक्यावर घेऊन झपझप चालतांना तें सुटून चालत नाहीं. शेतांत वांकून लावणी व निंदणी करणाऱ्या स्त्रियांचें कारणही तेंच. ह्यांतील प्रत्येकीस रोग होतो असें मुळींच नाहीं. लाखों स्त्रिया जन्मभर लुगडीं नेसून सुखानें म्हाताऱ्या झाल्या. तेव्हां लुगडें किंवा धोतर टाकावें असा ह्याचा अर्थ कोणीं करूं नये. अर्थ एवढाच कीं नाडी बारीक दोरीची नसून रुंद पट्टीची असावी, आवळ सैल असावा, गांठ रोज थोडी इकडेतिकडे करावी, रात्रीं कंबर मोकळी सोडावी, तो भाग साबणानें धुवून कोरडा करावा; आणि कंबरेवर चीर पडली तर ती पूर्ण भरेपर्यंत त्या जागीं कांहींही बांधूं नये. आणखी एक अडचण आहे. कंबरेवरील व्रण स्त्रिया लाजेनें कोणास दाखवीत नाहींत. घरांतील सुनेनें सासूस, मुलीनें आईस हें आपण होऊन विचारावें.

काश्मीरचें उदाहरण ह्याच जातीचें आहे. तेथें थंडींत निखाऱ्यांची शेगडी, जिला कांगडी म्हणतात, अंगरख्याखालीं पोटाशीं धरून बसतात. पोटावर व मांड्यांवर वर्षानुवर्षें चटका बसून तेथें कर्करोग होतो. डॉक्टर एल्म्स्ली ह्यांनीं १८६६ सालीं ही गोष्ट नजरेस आणिली. देश वेगळा, वस्तु वेगळी. पण एकाच जागीं जन्मभर होणारी इजा तीच.

भाजल्याचे वण आणि डाग देणें

फ्रान्सचे शस्त्रवैद्य मार्जोलिन ह्यांनीं १८२८ सालीं जुन्या वणांत उठणाऱ्या व्रणांचें वर्णन केलें. त्यावरून अशा कर्करोगास आजही त्यांचें नांव आहे. चुलींत, स्टोव्हच्या भडक्यांत किंवा गुऱ्हाळाच्या कढईंत भाजलेली जागा भरते, पण कातडी पातळ व ताणलेली राहते. सांध्यावर असली तर हलतांना ती फुटते. फुटणें व भरणें असें चालतां चालतां, पुष्कळदां वीस-तीस वर्षांनीं, तेथें कर्करोग होतो. हाडांतून वाहणारें जुनें नासूर, शिरा फुगल्यामुळें घोट्यावर झालेला जुना व्रण, कुष्ठानें बधिर झालेल्या तळव्याचा व्रण, ह्यांतही हेंच होतें. बधिर पाय दुखत नाहीं, म्हणून तेथील व्रणाकडे लक्ष अधिक द्यावें, कमी नव्हे.

ह्यावरून दोन गोष्टी निघतात. पहिली, मोठें भाजलें असतां जखम कशीबशी भरूं देण्यापेक्षां त्यावर वेळींच मांडीची कातडी बसवून घ्यावी. तेणेंकरून अवयव आंखडत नाहीं व पुढील भीतिही बरीच टळते. दुसरी, पोटदुखी, कावीळ किंवा मुलाच्या डब्यावर तापलेल्या सळईनें डाग देण्याची जी चाल कांहीं भागांत आहे ती समूळ बंद व्हावी. तिनें मूळ रोग जात नाहीं व अंगावर कायमचा वण राहतो. बिब्बा उतून झालेल्या जखमा, मोरचुदानें जाळलेल्या चामखिळी, ह्यांविषयींही हेंच सांगणें आहे.

विषें : काजळी, तेल व आर्सेनिक

बाहेरच्या पदार्थामुळें कर्करोग होतो हें जगांत प्रथम कातडीवरच कळलें. लंडनचे पर्सिव्हल पॉट ह्यांनीं १७७५ सालीं दाखविलें कीं लहानपणापासून धुराडीं साफ करणाऱ्या लोकांच्या वृषणाच्या कातडीवर जो व्रण होतो तो काजळीमुळें. १९१५ सालीं जपानांत यामागिवा व इचिकावा ह्यांनीं सशाच्या कानास महिनोन्महिने डांबर चोपडून कर्करोग उत्पन्न केला. इंग्लंडांतील कापूसगिरण्यांत चात्यांचें तेल कपड्यांत मुरून कामगारांस तसाच रोग होत असे. आपल्याकडे तेलपंप, ट्रॅक्टर व होडीचें इंजिन आलें आहे. इंजिनाच्या जळक्या तेलानें भिजलेला फडका खिशांत किंवा कंबरेस खोंचूं नये. तेलकट विजार तीच ती घालूं नये. आणि हें तेल खरुजेवर औषध म्हणून कदापि लावूं नये.

आर्सेनिक म्हणजे सोमल. जर्मनींतील द्राक्षमळ्यांत किडीवर सोमलाचीं औषधें फवारीत. त्या मळेकऱ्यांत कातडीचे कर्करोग दिसून आल्यावर तीं १९४२ सालीं बंद झालीं. पिण्याच्या पाण्यांतूनही हें विष पोटांत जातें. पश्चिम बंगालांत कूपनलिकांच्या पाण्यानें लोकांची कातडी बिघडल्याचें १९८३ पासून उघडकीस आलें. गडचिरोलीच्या सीमेपलीकडे, सध्यांच्या छत्तीसगडांतील अंबागड चौकी भागांतही पाण्यांत आर्सेनिक सांपडल्याचें १९९९ सालीं प्रसिद्ध झालें. खूण अशी : अंगावर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके आणि तळहात-तळपायांवर ज्वारीच्या दाण्यांसारखे कठीण उंचवटे. घरांतील अनेकांस असें दिसलें तर पाणी तपासून घ्यावें. जागतिक आरोग्य संघटनेनें लिटरमागें १० मायक्रोग्रॅम ही मर्यादा घातली आहे. पाणी उकळल्यानें हें विष जात नाहीं, उलट पाणी आटून तें दाट होतें. कोणीही भस्म देतो त्यांत सोमल असूं शकतो, हेंही विसरूं नये.

ओळख कशी पटवावी

पुढील गोष्टींपैकीं एकही असली तर डॉक्टरकडे जावें :

१. कोणतीही जखम, व्रण वा खपली जी एका महिन्यांत भरली नाहीं, किंवा भरून पुन्हां त्याच जागीं उघडली.
२. भाजल्याच्या वा जुन्या जखमेच्या वणांत नवी गांठ, नवी दुखण, रक्त किंवा दुर्गंधी.
३. कंबरेवर गांठीच्या रेषेंत चीर, जाड चट्टा वा व्रण.
४. ज्या तिळाचे दोन अर्ध सारखे नाहींत, कडा वेडीवांकडी, रंग एकाहून अधिक, आकार ६ मिलिमीटरांहून मोठा, म्हणजे तुरीच्या दाण्याहून मोठा, आणि जो बदलत आहे.
५. तळपायावर, तळहातावर वा नखाखालीं नवा काळा डाग.
६. व्रणाबरोबर जांघेंत वा बगलेंत न ओसरणारी गांठ.

दुखत नाहीं म्हणून थांबूं नये. आरंभीं हा रोग बहुधा दुखतच नाहीं, आणि त्यामुळेंच तो फसवितो. वर्षांतून चार वेळां, अमावास्या-पौर्णिमा धरून म्हटलें तरी चालेल, आंघोळीच्या वेळीं अंग नीट पाहावें. पाठ व तळवे घरच्यांस पाहावयास सांगावे.

तपासणी व उपचार

नुसत्या नजरेनें निश्चय होत नाहीं. जागा बधिर करून व्रणाच्या कडेचा लहान तुकडा काढितात व सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतात. ह्यास बायॉप्सी म्हणतात. तुकडा काढला कीं रोग भडकतो व पसरतो, ही भीति आपल्या लोकांत फार आहे व तिनें पुष्कळांचा घात केला आहे. ती निराधार आहे. तपासणीवांचून केलेला उपचार म्हणजे मोजणीवांचून घातलेली हद्द होय; पुढें तंटा ठरलेला.

मुख्य उपचार शस्त्रक्रिया. रोग काढतांना सभोंवारची निरोगी दिसणारी कातडीही थोडी काढावी लागते. पहिल्या दोन प्रकारांत ती साधारण ४ ते ६ मिलिमीटर, मेलॅनोमांत त्याच्या जाडीप्रमाणें १ ते २ सेंटिमीटर असते. हरळी खणतांना भोंवतालची माती कां काढावी लागते हें जो जाणतो तो ह्याविषयीं कुरकूर करणार नाहीं. काढलेल्या भागाच्या कडा पुन्हां तपासून रोग राहिला नाहीं ना हें पाहतात. ग्रंथींत रोग उतरला असेल तर त्या ग्रंथीही काढतात.

खड्डा मोठा झाला तर मांडीची कातडी आणून बसवितात. नाक गेलें तर कपाळाची कातडी वळवून नवें नाक करितात, आणि ह्या विद्येचा मान आपल्या पुण्याकडे जातो. टिपूशीं झालेल्या १७९२ च्या युद्धांत इंग्रजी फौजेबरोबर बैल हांकणारा कावसजी नांवाचा एक मराठा, जातीनें शेतकरी, टिपूच्या हातीं सांपडला. त्याचें नाक व एक हात कापण्यांत आला. पुण्याकडील एका देशी कारागिरानें कपाळाची कातडी वळवून त्याचें नाक पुन्हां घडविलें. १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत तें चित्रासह छापलें गेलें आणि युरोपांतील शस्त्रवैद्य ती रीत शिकले. कर्करोगानें गेलेलें नाक आज ह्याच रीतीच्या सुधारलेल्या रूपानें परत मिळतें. तेव्हां चेहरा विद्रूप होईल ह्या भीतीनें शस्त्रक्रिया टाळूं नये. विद्रूपता रोग वाढूं दिल्यानें येते.

जेथें शस्त्र चालवितां येत नाहीं, किंवा रोगी फार वृद्ध आहे, तेथें क्ष-किरणांच्या जातीच्या तीव्र किरणांनीं उपचार करितात. अगदीं वरवरच्या रोगावर कांहीं मलमें व अतिशीत द्रवानें गोठविणें हेही उपाय आहेत. पण ते तज्ज्ञानेंच ठरवावे. पसरलेल्या मेलॅनोमावर पूर्वीं फारसा इलाज नसे. अलीकडे शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारशक्तीस मोकळें करणारीं औषधें निघालीं असून त्यांच्या मूळ शोधाबद्दल अॅलिसन व होंजो ह्यांस २०१८ चें नोबेल पारितोषिक मिळालें. तीं कांहींस चांगलीं लागू पडतात, सर्वांस नाहीं, आणि फार महाग आहेत.

पहिले दोन प्रकार लवकर हातीं लागले तर शंभरांतील नव्वदांहून अधिक रोगी पूर्ण बरे होतात. ग्रंथींत उतरल्यावर हा आंकडा खालीं येतो, आणि मेलॅनोमा दूर पसरल्यावर फारच खालीं येतो. रोग एकच, माणूस तोच, फरक महिन्यांचा.

खर्च आणि जागा

आरंभींची गांठ काढण्यास पुष्कळदां रुग्णालयांत मुक्कामही लागत नाहीं. उशीर झाल्यावर मोठी शस्त्रक्रिया, किरणोपचार, महिनाभर मुंबईस राहणें, बरोबर एक माणूस, आणि तितके दिवस शेत पडीक. महसुली कचेरींत ज्यानें दिवस काढले त्यानें ह्याचा शेवट कागदावर पाहिला आहे : प्रथम गहाणाचा बोजा चढतो, मग खरेदीखताची नोंद, आणि कांहीं वेळां तिच्या मागोमाग वारसाची.

म्हणून मदत कोठें मिळते हें जाणून असावें. राज्याची आरोग्य विमा योजना २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना ह्या नांवानें चालते व तींत कर्करोगाच्या उपचारांचा समावेश आहे. योजनेंतील रुग्णालयांत आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो. शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन प्रथम त्यास भेटावें, पैसे भरल्यावर नव्हे. शिधापत्रिकेवरील व आधारपत्रावरील नांवांत फरक असेल तर तो घरीं असतांनाच दुरुस्त करून घ्यावा. रुग्णालयाच्या दारांत ह्या एका अक्षरापायीं दिवस जातात.

परळचें टाटा रुग्णालय सर्वांस ठाऊक आहे. परंतु प्रत्येकानें मुंबईसच धांवावें असें नाहीं. बार्शीस नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. त्याच्या आश्रयानें १९८७ पासून खेड्यांतील कर्करोगाची नोंदही ठेविली जात आहे. नागपुरास राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय व छत्रपति संभाजीनगरास शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. पहिला तुकडा काढून तपासणें तर जिल्हा रुग्णालयांत किंवा कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयांतही होतें. कागद जपून ठेवावे. विशेषतः बायॉप्सीचा अहवाल. तो गहाळ झाला कीं तपासणी पुन्हां पहिल्यापासून करावी लागते.

बरें झाल्यावरही पहिलीं दोन-तीन वर्षें दर तीन ते सहा महिन्यांनीं व पुढें वर्षांतून एकदां डॉक्टरांस दाखवावें. एकदां ज्याच्या कातडीवर हा रोग झाला त्यास दुसऱ्या जागीं नवा होण्याचा संभव इतरांहून अधिक असतो.

शेवटीं व्यवहारांतली एक सूचना. घरांत कोणासही न भरणारी जखम झाली, तर भिंतीवरच्या दिनदर्शिकेंत त्या दिवसावर खूण करावी. माणसाची आठवण अशा कामीं लबाड असते. परवाची जखम म्हणून जी सांगितली जाते ती होळीची असते. खुणेपासून एक महिना मोजावा. जखम भरली तर उत्तमच. न भरली तर पेरणी असो वा काढणी, दुसरे दिवशीं तालुक्याचा रस्ता धरावा.